सोळा रिकाम्या मात्रा

ओळीला खालून चिकटलेली एक काळी वीट, एवढीशी, तांदळाच्या दाण्याहून जरा रुंद... आणि तिच्यापुढे तशीच आणखी एक, आणखी एक, आणखी एक. सतराव्या आवर्तनापासून विसाव्यापर्यंत चार विटा, कारण कागदावर वादकाची विश्रांती अशीच लिहितात. आणि त्या चार विटांच्या खाली प्रोफेसर हॅलोरनच्या बारीक, तिरप्या, अतिशय सभ्य अक्षरात दोन शब्द – जाणीवपूर्वक मौन. ऑरेली बार्थे त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. कागद अजून कोमट होता, त्याला झेरॉक्सचा वास येत होता, वर्गातल्या अकरा जणांपुढे असाच एकेक कागद पडला होता, आणि प्रत्येकावर वर मधोमध ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं – इग्नास बार्थे, ट्रॉम्बोन. बापाचं नाव असं छापलेलं तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, त्याच्या दफनविधीच्या पत्रिकेवर, तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

हॅलोरन वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. मिनेसोटाचा, बर्फातून आलेला, दुधासारखा पांढरा, प्रत्येकाला दार धरून उभा राहणारा. दोन वर्षं त्याने बापाच्या वादनाची ती फीत ऐकली होती, वेग निम्मा करून, पाव करून. बापाने ट्रॉम्बोनची नळी कुठे अर्ध्या इंचाने कमी ओढली हेसुद्धा त्याने कागदावर उतरवलं होतं. प्रेमाने. अशा माणसाला धड शिवीही देता येत नाही, आणि शिवी देता येत नाही म्हणून ती पोटातच राहते आणि आंबते.

फीत सोळा वर्षांपूर्वीची. गावातल्या ट्रेमे वस्तीतल्या कुठल्याशा म्हाताऱ्या कॉर्नेटवाल्याची, म्हणजे छोटी तुतारी वाजवणाऱ्याची, अंत्ययात्रा, तिथल्या रीतीने बँडसकट. कोणी संशोधक बांबूला मायक्रोफोन बांधून बँडच्या बाजूने चालत होता. आधी दफनभूमीकडे जातानाची संथ स्तोत्रं, छोट्या ढोलाच्या तारांखाली रुमाल सरकवलेला, आवाज मेलेला. मग पेटी गाडीतून पुढे जाते, बँड बाजूला होतो, रुमाल ओढून काढतात... आणि मेलेल्याला मोकळं केलं की जिवंत माणसं नाचायला लागतात. तिथे बापाने स्वतः बांधलेली चाल वाजते, ‘पायऱ्या’. तिच्यात त्याचा बत्तीस आवर्तनांचा सोलो आहे, आणि त्या सोलोच्या मधोमध ह्या चार विटा.

“बघा,” हॅलोरन फळ्यापाशी म्हणत होता, “सोळाव्या आवर्तनात तो वरचा सूर गाठतो. दुसरा कोणी असता तर तिथून आणखी वर चढला असता. हा थांबतो. सोळा मात्रा! भर रस्त्यात हजार माणसं नाचताहेत, आणि हा गप्प. बरं, परत येतो तो समेवरही नाही, समेच्या अर्धी मात्रा आधी. कॉर्ड कोणती, स्केल कोणतं, हे मी तुम्हाला चार वर्षांत शिकवू शकतो. हे धाडस कसं शिकवू?”

“भारी,” मागून सॅक्सोफोनवाला ब्रेंट म्हणाला आणि त्याने वहीत काहीतरी अधोरेखित केलं.

“ऑरेली, तुझेच वडील. तू सांग ना काही.”

नको होतं बोलायला. तोंड मिटून बसायला हवं होतं... पण ती बोलली. म्हणाली, “ते माझ्यासाठी थांबले होते. मी सहा वर्षांची होते, गर्दीत पडले. त्यांनी वाजवणं थांबवून मला उचललं, बाजूला बसवलं, आणि परत सुरू केलं.”

वर्गातून एक लांबलचक आवाज निघाला, लोक कुत्र्याचं पिल्लू बघून काढतात तसा.

हॅलोरनसुद्धा हसला, मनापासून. “किती सुंदर आठवण आहे. जपून ठेव ती. पण आपण इथे फितीवर जे आहे त्याचाच अभ्यास करू शकतो, हो ना? आणि फितीवर मूल नाही.”

फितीवर मूल नाही! पुढचा अर्धा तास तो जे काही बोलला त्यातलं अक्षरही तिच्या कानात शिरलं नाही. मूल नाही म्हणे. मग ते पाय कोणाचे होते... माझ्या तोंडासमोरून गेलेले ते शेकडो पाय, पांढरे बूट, तपकिरी बूट, उंच टाचा, एक अनवाणी, आणि माझा एक बूट निसटून कुठेतरी त्यांच्यात लाथाडला जाणारा? मी डांबरावर बसले होते, पिवळा फ्रॉक, ओरडत होते आणि माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं इतका तो बँड मोठ्याने वाजत होता. आणि मग ट्रॉम्बोन थांबला. सगळं चालू, फक्त ट्रॉम्बोन नाही. आणि दोन्ही बगलांत हात आले, घट्ट, दुखेल इतके घट्ट, खळीचा वास, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाचा, आणि मी वर गेले, पायांच्या वर, डोक्यांच्या वर, उजेडात. मग रस्त्यावरच्या उड्डाणपुलाच्या खांबाला पाठ टेकवून बसवलेली मी, आणि ट्रॉम्बोन पुन्हा सुरू. हे मूल नाही तर कोण आहे? त्यानंतर बापाने ‘पायऱ्या’ वाजवली तेव्हाही तो त्याच जागी थांबला होता, दोनदा, तीनदा, आणि मला – सात वर्षांची, आठ वर्षांची – मला ठाऊक होतं की तो मला खूण करतोय. त्याच्या एवढ्या मोठ्या गावात, एवढ्या माणसांत, त्या सोळा मात्रा फक्त माझ्या होत्या.

आणि आज चार वाजता त्या तिच्या हातून जाणार होत्या. अरेंजिंगच्या, म्हणजे चाल वाद्यांत वाटून लिहिण्याच्या, परीक्षेसाठी तिने ‘पायऱ्या’ विद्यापीठाच्या बँडसाठी बांधली होती, एकोणीस वाद्यांसाठी. तीन महिने, खोडरबराने कागद झिजेपर्यंत. त्या चार आवर्तनांत तिने सगळी वाद्यं थांबवली होती, फक्त मोठा ढोल ठेवला होता आणि वादकांना लिहिलं होतं – पाय जमिनीवर घासा. एकोणीस जणांचे पाय. हॅलोरनने त्यावर लाल शाईने, अर्थातच प्रेमाने, लिहिलं होतं – मौन भरू नकोस. आज तालीम, आजच शेवटची प्रत द्यायची, आणि निम्मे गुण या रचनेला. पाय ठेवले तर गुण जातील. जाऊ देत, खड्ड्यात जाऊ देत. पण पाय पुसले तर तिने स्वतःच्या हाताने स्वतःला त्या रस्त्यावरून पुसून टाकल्यासारखं होणार होतं, आणि ते हॅलोरनने सांगितलं म्हणून.

साक्षीदार पाहिजे, असं तिला बसमध्ये बसल्यावर सुचलं. तळ्याकाठच्या विद्यापीठातून गावात जाणारी बस अर्धी रिकामी होती. त्या दिवशी बँडमध्ये असलेल्यांपैकी जिवंत एकच – प्रॉस्पर. बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा, म्हणून पॅरॅन, म्हणून बापानंतरचा बाप. मोठा ढोल त्याच्याच गळ्यात होता. त्याला उभं करायचं चार वाजता तालमीत, हॅलोरनपुढे, सगळ्या बँडपुढे. सांगा म्हणावं. होतं की नव्हतं मूल?

खिडकीच्या काचेत स्वतःच्या शर्टाची कॉलर दिसली आणि सकाळ आठवली. आई – विल्हेमिना, हॉटेलच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं चादरी इस्त्री करणारी आई – आज सोमवारची सुट्टी असून पहाटे उठून हा शर्ट इस्त्री करत बसली होती.

“साधी तालीम आहे, आई. कशाला हे?”

“लोक बघतात, बाळा.”

“लोक ऐकायला येतात! तुला कधी कळणार हे?”

आईने इस्त्री उभी केली आणि काही बोलली नाही. हेच, हे न बोलणंच ऑरेलीला सहन होत नसे. आईला संगीतातलं काही कळत नाही हे मी फार लहानपणी ठरवून टाकलं होतं. कळत असतं तर बोलली असती. दर वर्षी सर्व संतांच्या दिवशी बापाच्या थडग्याला चुना लावून घरी आलं की जेवताना कोणीतरी म्हणायचं, ऑरेली, सांग ती तुझी गोष्ट, आणि ऑरेली सांगायची, बूट, पाय, ट्रॉम्बोन थांबला, सगळं; पाहुणे डोळे पुसायचे; आणि आई? आई विचारायची, “अजून भात वाढू?” एकदाही तिने त्या गोष्टीत एक शब्द घातला नाही. हेवा वाटतो तिला, ऑरेलीने केव्हाच ठरवलं होतं. नवऱ्याने भर रस्त्यात बँड सोडून असं कधी तिच्यासाठी काही केलं नसणार.

प्रॉस्परच्या घराचा वास कोपऱ्यावरूनच आला. सोमवार, म्हणजे या गावात राजमा, रात्रभर भिजवलेला, डुकराच्या तंगडीचं हाड घालून सकाळपासून मंद आचेवर.

“ये. जाळीचं दार ओढून घे, माश्या येतात. जेवलीस?”

“भूक नाही, पॅरॅन.”

“भूक कोणी विचारली? जेवलीस का विचारलं.”

एकोणऐंशी वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. ढोल कपाटावर पालथा होता. ज्या कोटाच्या हँगरची तार वाकवून त्याने पन्नास वर्षं ढोलावरची झांज वाजवली तो हँगर खिळ्याला टांगलेला, आणि त्यावर एक कोटही. ऑरेलीने तो कागद टेबलावर ठेवला आणि भरभर सांगून टाकलं, वर्ग, हॅलोरन, तो पिल्लू बघून काढतात तसा आवाज, लाल शाई. प्रॉस्परने चष्मा नाकावर खाली ओढून कागद हातभर लांब धरला.

“जाणीव... पूर्वक... मौन.” त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “इग्नास? आपला इग्नास?” आणि तो हसायला लागला, असा की त्याला टेबल धरावं लागलं. “अगं, त्या माणसाला चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळीसुद्धा गप्प बसता येत नव्हतं!”

“हसू नका. चार वाजता माझ्याबरोबर चला. तुम्ही होतात तिथे. त्यांना सांगा की तो माझ्यासाठी थांबला.”

प्रॉस्परचं हसणं हळूहळू विझलं. तो उठला, भांड्याखालची आच आणखी बारीक केली, जिला आणखी बारीक व्हायला जागाच नव्हती.

“पॅरॅन?”

“बाळा, तो तिथे नेहमीच थांबायचा.”

“त्या दिवसानंतर.”

“त्या दिवसाआधीही. तू पोटात होतीस तेव्हाही. तुझ्या बापाचे वरचे दोन दात बसवलेले होते की नाही?”

“हो.” मोरीवरचा तो पेला. त्यात रात्री दोन दात.

“मग. तो वरचा सूर लावला की ते दात सुटायचे. दर वेळी. मग थांबायचं, जिभेने चाचपडून परत जागेवर बसवायचे, ओठ पुसायचा, आणि घुसायचं. आम्ही आपले वाजवत राहायचो. सगळ्या बँडला माहीत. आमचा कॉर्नेटवाला तर चालता चालता ओरडायचा, ‘इग्नास, सापडले का रे?’” तो पुन्हा हसणार होता, पण तिच्याकडे बघून थांबला. “समेच्या आधी घुसायचा कारण घाई व्हायची त्याला. धाडस कसलं.”

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. ऑरेलीला वाटलं, आपण आता काहीतरी फोडावं, ती बशी, ते भांडं. दात! मी आठ वर्षांची, रस्त्याच्या कडेला ताठ उभी, खूण घेत होते... आणि तो जिभेने दात चाचपत होता.

“मग मला उचललं कोणी?”

“म्हणजे काय? मिनाने.”

“आईने?”

“मग मी? माझ्या गळ्यात हा एवढा ढोल. पण ढोलावरून सगळं दिसतं मला. कडेने चालत होती ती, निळी हॅट घालून, ईस्टरला घेतलेली. तू दिसेनाशी झालीस तशी घुसली, डोकं खाली घालून, रेड्यासारखी. हजार माणसं होती गं. दोघांना तर तिने आडवंच केलं. हॅट गेली ती गेलीच. तुला काढलं, खांबाशी बसवलं, एक सणसणीत ठेवून दिली, आणि मग स्वतःच रडत बसली. इग्नासला हे घरी गेल्यावर कळलं.”

“खोटं.”

“बरं, खोटं.”

“मग ती कधी बोलली का नाही? दर वर्षी माझ्या तोंडासमोर बसून... अजून भात वाढू म्हणते! माझं हसं करत होती का? तुम्ही सगळेच?”

“हळू बोल. तू ही गोष्ट पहिल्यांदा सांगितलीस ती इग्नासला पुरून आलो त्या दिवशी. इथेच, या टेबलाशी. चौदा वर्षांची. तीन दिवस तोंडात घास घेतला नव्हतास, आणि ती गोष्ट सांगता सांगता जेवायला लागलीस. मी तोंड उघडणार होतो. मिनाने टेबलाखालून लाथ मारली. या इथे.” त्याने डावा गुडघा दाखवला. “अजून दुखतो, तिला सांग. आता बस आणि खा.”

ती बसली नाही. त्याने वाडगा भरून वर चकाकता कागद दाबून हातात दिला तो तिने घेतला, कारण न घेता त्या घरातून बाहेर पडता येत नाही. आणि जाळीचं दार तिने इतक्या जोरात आपटलं की आतून प्रॉस्पर माश्यांबद्दल काहीतरी ओरडला.

परतीच्या बसमध्ये मांडीवर गरम वाडगा, आणि राग कुठे ठेवायचा हे कळत नव्हतं. सकाळी तो सरळ होता, हॅलोरनच्या दिशेने तोंड केलेला. आता? हॅलोरन बरोबर होता – फितीवर मूल नाही. हॅलोरन साफ चूक होता – फितीवर दात आहेत. चार वाजता ती उभी राहून हे एक वाक्य बोलली तर दोन वर्षांची त्याची मेहनत, ते तिरपं अक्षर, ब्रेंटची अधोरेखित वही, सगळं मातीत जाणार होतं... आणि बापही. बापाचा राग आला, मेलेल्या बापाचा, त्याने काहीही केलेलं नसताना. काहीही केलेलं नव्हतं म्हणूनच. आणि आईचा सगळ्यांत जास्त. कोणी मागितलं होतं हे तिच्याकडे? आठ वर्षं माझ्यासमोर तोंड मिटून बसायचं, मला खोट्यावर पोसायचं, आणि वर शर्ट इस्त्री करायचा! मला लहान ठेवलं तिने. तिच्यासमोर मी दर वर्षी तिचीच गोष्ट तिच्यातून काढून बापाला दिली, आणि ती बशी पुढे करत राहिली. कसली बाई आहे ही? घरी गेल्यावर विचारायचंच, असं तिने ठरवलं, आणि काय विचारायचं ते तिला शेवटच्या थांब्यापर्यंत सुचलं नाही.

चारला पाच मिनिटं कमी. तालमीच्या खोलीत एकोणीस जण वाद्यं जुळवत होते. हॅलोरन मागच्या रांगेत, मांडीवर तिची रचना आणि तोच कागद.

“काय ठरवलंस ऑरेली? पाय की मौन?”

त्याच्या चेहऱ्यावर खरंच उत्सुकता होती. तिला त्या क्षणी त्याचा असा संताप आला की दात हा शब्द ओठांपर्यंत आला, अगदी आला.

“आज रिकामं ठेवू,” ती म्हणाली. “पाय घासू नका. ढोलही नको.”

हॅलोरनने समाधानाने मान हलवली. त्याला वाटलं, पटलं हिला. वाटू दे मेल्याला.

तिने हात वर केले आणि ‘पायऱ्या’ सुरू झाली. चांगली वाजत होती. सॅक्सोफोन जरा पुढे धावत होते, ब्रेंट अर्थातच सगळ्यांत पुढे, पण तीन महिने तिच्या डोक्यात वाजलेलं आता बाहेर वाजत होतं आणि तिला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तेरा, चौदा, पंधरा. सोळाव्या आवर्तनात पहिला ट्रॉम्बोन वरच्या सुराला भिडला, तिने मुठी मिटल्या, आणि सगळं थांबलं.

एक, दोन, तीन, चार. कोणी खोकलं नाही. तिचे दोन्ही हात हवेत, पुढच्या इशाऱ्यासाठी, आणि समोर ट्रॉम्बोनवाली वाद्य खाली घेऊन थांबलेली... वाद्य डाव्या हातात. विश्रांतीत ट्रॉम्बोन डाव्या हातात राहतो. राहावाच लागतो, तो ना गळ्यात अडकवता येतो ना काखेत मारता येतो, आणि भर गर्दीत तो रस्त्यावर तर कोणी ठेवणारच नाही. नवव्या वर्षापासून मी हे वाद्य वाजवते. पाच, सहा, सात, आठ. दोन्ही बगलांत हात आले होते. दोन्ही. हे मी स्वतःच सांगत आले, दर वर्षी, याच शब्दांत, घट्ट, दुखेल इतके घट्ट, आणि कधी... नऊ, दहा. आणि खळीचा वास. बापाच्या शर्टाचा म्हणे! रस्त्यावर दोन तास वाजवून घामाने भिजलेल्या माणसाच्या शर्टाला खळीचा वास कुठून येणार? तो वास आत्ता येत होता, तिच्याच कॉलरचा, वर उचललेल्या तिच्याच बाह्यांचा. अकरा, बारा. मागे हॅलोरन डोळे मिटून मौन ऐकत होता. राग गेला नव्हता. तो छातीत तसाच होता, पूर्ण, तापलेला, पण त्याला आता निळी हॅट होती आणि तो डोकं खाली घालून पायांच्या गर्दीत घुसत होता, आणि तो कोणाचा राग आहे, माझा की तिचा, हे तिला सांगता येईना. तेरा, चौदा. एकोणीस जण तिच्या हातांकडे बघत होते. तीही बघत होती, ते दोन रिकामे हात, असे वर धरलेले, कोणीतरी उचलून घेण्याच्या बेतात असल्यासारखे.

पंधरा.